बाटल्याच्या टाळूवर तेल

दत्ताराम आत जळत होता आणि मी भरलेली बादली घेऊन त्याच्याकडे धावत होते. शेडच्या दारात लॉरेन्स मिस्त्री आडवे आले. त्यांनी माझ्या बादलीला लाथ मारली. सगळं पाणी उंबऱ्यावर सांडलं.

"पानी नको," ते म्हणाले. "पिंपात पानी गेलं तर गल्ली उडेल. माती आना, माती."

माझ्यामागे चाळीतली पंधरा-वीस माणसं बादल्या, कळश्या घेऊन आली होती. मागून कोणीतरी म्हणालं, "मिस्त्री, बाजूला हो, माणूस जळतोय." मिस्त्री हलले नाहीत. उंबऱ्यावर पाय पुसायला टाकलेलं गोणपाट माझ्याच पाण्यात भिजलं होतं. ते उचलून मिस्त्री आत गेले, दत्तारामला त्यात गुंडाळून बाहेर लोटलं, मग तेच गोणपाट हाताला लपेटून परत आत गेले. आत ऑक्सिजनचा बाटला तोंडातून आग ओकत होता. कानात सळई घालावी तसा आवाज येत होता. मग तो आवाज बारीक झाला आणि थांबला. मिस्त्रींनी बाटल्याची चावी बंद केली होती. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या उजव्या तळव्याची साल लोंबत होती. त्याकडे न बघता ते दत्तारामवर वाकले.

"दत्तू, तेलाचा हात लावलास काय रे? कितीदा सांगितलं तुला."

दत्ताराम शुद्धीत होता. त्याने मान हलवून नाही म्हटलं. तेल कोणी लावलं ते मला माहीत होतं.

दत्ताराम म्हणजे माझा नवरा. तोंडावर त्याचं नाव मी कधी घेतलं नाही. लिहिताना घेते आणि एकेरीच लिहिते, नाहीतर 'हे, हे' करत बसले तर वाचणाऱ्याला कळायचं नाही कोण ते. आमच्या गावकरी मंडळाच्या पोरांनी सांगितलं, काकी, गाव सोडून मुंबईला कशा आलात ते अंकासाठी लिहा. त्यांना आगबोटीची गंमत हवी असणार. ती येईल मध्ये. मी चौथी शिकले, तेव्हा भाषा आहे ती अशी आहे.

आधी पाण्याचं सांगते. शेडच्या कोपऱ्यात कार्बाईडचं पिंप होतं. कार्बाईड म्हणजे राखाडी खडे, जत्रेत खाजेवाले ज्या उग्र वासाच्या बत्त्या लावायचे त्यातले. त्यांना पाणी लागलं की गॅस सुटतो, आणि त्याच गॅसवर वेल्डिंगची ज्योत चालते. आम्ही वीस जणांनी त्यावर बादल्या ओतल्या असत्या तर आगीला सरपणच घातलं असतं. गावात आग म्हटली की पाणी. मला दुसरं काही ठाऊक नव्हतं.

घोडपदेवहून परळच्या इस्पितळात दत्तारामला हातगाडीवरून नेलं. लालबागला मोर्चा आडवा आला. महाराष्ट्र व्हायला अजून अडीच वर्षं होती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे आमच्या शेडच्या भिंतीवरही चुन्याने लिहिलेलं होतं, आणि मोर्चा नाही असा आठवडा जात नव्हता. हातगाडीवरचा माणूस बघून पुढची माणसं थबकली. एकाने मला विचारलं, "गोळी?" आदल्या वर्षी गोळ्या चालल्या होत्या, लोकांच्या डोक्यात तेच होतं.

"नाही," मी म्हटलं. "तेल."

त्याला काही कळलं नाही. पण त्याने मागे हात केला आणि म्हणाला, "वाट सोडा रे, कामगार माणूस आहे." एवढा मोठा मोर्चा, पण मधून फाटला आणि आमची हातगाडी निघून गेली. घोषणा थांबल्या होत्या. चाकाचा आवाज तेवढा येत होता. हजारो माणसं अशी गप्प उभी राहिलेली मी परत पाहिली नाहीत.

डॉक्टरने सांगितलं, डावा हात आणि डावी बरगडी भाजली आहे, आठवडा काढला तर माणूस वाचला समजा. मी व्हरांड्यात बसले. रडणं मला जमत नाही. मग आपण इथपर्यंत आलो कशा, ते आठवत बसले.

मागच्याच वैशाखात मी देवगडहून आगबोटीत बसले होते. आगबोट किनाऱ्याला लागत नसे, पडावातून जावं लागे. आई गुडघाभर पाण्यात पडावाला धरून उभी होती. बाबा वाळूत, पाठ करून. माझ्याकडे एक ट्रंक, सोलांची पुरचुंडी आणि सुके बांगडे. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "थंय गेल्यार कोणाक काय इचारूक लाजा नको गो." तिथे गेलीस की कोणाला काही विचारायला लाजू नको. मला वाटलं, हे काय सांगणं झालं. पोरीला सोनंनाणं नाही तर निदान आशीर्वाद तरी द्यावा. भाऊच्या धक्क्यावर दत्ताराम न्यायला आला होता. लग्नात त्याला नीट बघितलं नव्हतं. धक्क्यावर आधी त्याचे हात दिसले, बारीक बारीक पांढऱ्या डागांचे.

"देवी आल्या होत्या?" मी विचारलं.

"ठिणग्या," तो म्हणाला. पुढचं काही मी विचारलं नाही. आईचं सांगणं पहिल्याच दिवशी विसरले.

लॉरेन्स मिस्त्री खोताच्या वाडीतले, ख्रिस्ती. गोदीत वीस वर्षं काम करून त्यांनी घोडपदेवला स्वतःची शेड टाकली होती. तिथे मुख्य काम जर्मनचं. अ‍ॅल्युमिनियमला आम्ही तेव्हा जर्मन म्हणायचो. हॉटेलांचे टोप, दुधाचे कॅन, गाड्यांच्या टाक्या, काही फुटलं-तडकलं की तिथे यायचं. आल्यावर आठ दिवसांनी मी दत्तारामचा डबा घेऊन शेडमध्ये गेले. टेबलावर एक रिकामा टोप दिसला, चकचकीत, थंडगार दिसणारा. डबा ठेवायला जागा हवी म्हणून मी तो बाजूला करायला हात पुढे केला.

"बाय, वाचता येतं?" मिस्त्री मागून म्हणाले.

टोपावर खडूने 'गरम' लिहिलं होतं.

"लोखंड तापलं की लाल होतं. बोंब मारतं, मला हात लावू नको म्हणून. जर्मन मुकं आहे. वितळायच्या क्षणापर्यंत तोंडावरचा रंग बदलत नाही. म्हणून आम्ही त्याच्या वतीने लिहून ठेवतो."

मी टोपाजवळ तळहात नेला, न टेकवता. वीतभर अंतरावरून भट्टीची धग लागली. दिसायला मात्र तो आत्ता नळाखाली धुतल्यासारखा. मी तिथेच उभी राहिले. चुलीपुढे वाढलेली बाई मी, विस्तवाचं मला कौतुक नव्हतं. पण न दिसणारा विस्तव मी पहिल्यांदा बघत होते.

त्यानंतर मी रोज डबा घेऊन जायची आणि जरा जास्तच रेंगाळायची. दत्तारामला ते आवडायचं नाही. "घरात काम नाही काय गो?" म्हणायचा. मिस्त्री म्हणायचे, "बसू दे रे. तू तर बघूनही शिकत नाहीस."

एवढं सगळं बघितलं, पण बाटल्याबद्दल विचारलं नाही. माणसाएवढा उंच, काळा, भिंतीला साखळीने बांधलेला. मला वाटलं, त्यात काय विचारायचं, हवा आहे.

मग दसरा आला. मिस्त्रींच्या धर्मात हत्यारांची पूजा नाही, पण दरवर्षी त्या दिवशी ते शेडची किल्ली कामगारांकडे देत आणि स्वतः येत नसत. "आज तुमचा दिवस, मी मध्ये कशाला," म्हणायचे. कामगार म्हणजे त्या वर्षी एकटा दत्ताराम. त्याने शेड झाडली, सगळं सामान पुसून काढलं, बाटल्याच्या तोंडावरचा, दाब दाखवणाऱ्या दोन घड्याळांचा रेग्युलेटर उतरवून पुसून बाजूला ठेवला आणि झेंडूच्या माळा आणायला गेला. पूजा मी मांडली. आपल्याकडे कोयत्याला, नांगराच्या फाळाला आधी खोबरेल चोळतात, मग हळद-कुंकू. मी तसंच केलं. हातोड्याला तेल, सांडशीला तेल, ऐरणीला तेल. बाटला राहिला. उघड्या डोक्याचा उभा होता. न्हाऊ घातलेल्या पोराच्या टाळूवर तेल घालतात तसं मी बोटभर तेल त्याच्या डोक्यावर घातलं, बरोबर तोंडावर, आणि आत जिरू दिलं. वर कुंकू लावलं. दत्ताराम माळा घेऊन आला, म्हणाला, छान दिसतंय. त्याला कुंकू दिसलं, तेल दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तबक आणि समई परत न्यायला गेले. मिस्त्री टेबलापाशी, मी दाराशी. दत्तारामने बाटल्याचं तोंड फडक्याने पुसलं, रेग्युलेटर बसवला आणि चावी फिरवली. पुढचं सुरुवातीलाच सांगितलं.

झालं काय, ते असं. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळतो. बाटल्यात तो दाबून दाबून भरलेला असतो. चावी उघडली की एकदम धावत सुटतो. वाटेत तेल, ग्रीस, काही चिकट सापडलं तर काडी लागत नाही, नुसत्या दाबाने पेट घेतं. एरवी जर्मनला हात लावायच्या आधीही मिस्त्री सोड्याने हात धुवायला लावत. मी फक्त बघत होते, ते हात का धुतात ते विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री इस्पितळात आले, हाताला पांढरं बांधलेलं. बाकावर माझ्या शेजारी बसले.

"बाय, तो बरा होवो, मी देवाकडे मागतो आहे. पण बरा झाला तरी शेडमध्ये नको. तेलाचा हात लावणारा माणूस मी ठेवणार नाही. आज तो गेला असता, उद्या गल्ली जाईल."

दत्ताराम वाचेल की नाही ते अजून कोणी सांगत नव्हतं. वाचला तर त्याच्याकडे ही एकच विद्या होती. आणि ती माझ्यामुळे जात होती.

"त्याने नाही लावलं," मी म्हटलं. "मी लावलं. दसऱ्याला."

"कुठे?"

"डोक्यावर. तोंडात."

"किती?"

"बोटभर."

"कशाला?"

"पोराच्या टाळूवर घालतात तसं."

मला वाटलं, आता मिस्त्री माझ्या थोबाडीत मारतील. मी त्याची तयारी ठेवली होती. मग म्हणाले, "दहा वर्षं मी किल्ली देतो. दहा वर्षांत एकदाही सांगितलं नाही की पूजेत बाटल्याला तेल लावू नका. मला वाटलं, सगळ्यांना ठाऊक आहे. तुमची पूजा कशी असते ते मी एकदाही विचारलं नाही." पुढे म्हणाले, "तो बाजूला उभा होता ना? चावी फिरवताना?"

"बाजूला."

"हळू उघडली?"

"हळू. तोंड फिरवून."

"ते मी शिकवलं होतं," ते म्हणाले आणि उठून गेले.

तेवढ्यावर दत्तारामचा चेहरा आणि डोळे वाचले होते. चावी उघडताना घड्याळांच्या समोर उभं राहायचं नाही. समोर असता तर हातगाडी इस्पितळाकडे न्यावी लागली नसती.

नवव्या दिवशी त्याचा ताप उतरला. त्याने पेज मागितली आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली, तेव्हा मला खात्री पटली. पण डाव्या हाताची बोटं आखडली. डॉक्टर म्हणाला, हात राहिला हेच मोठं. आता जर्मनच्या वेल्डिंगला दोन हात लागतात. उजव्यात ज्योतीची पितळी नळी, डाव्यात भरणाची तार. ज्योत धातू वितळवते, तार त्यात भर घालते. एका हाताने ते होत नाही. दत्ताराम घरात भिंतीकडे तोंड करून बसायचा. माझे बाबा वाळूत पाठ करून उभे होते तसाच. एकदा म्हणाला, "देवगडच्या बोटीचं बघतो." मी म्हटलं, "बघा. पण आधी मी मिस्त्रींना एक विचारून येते."

मी जाऊन विचारलं, "तार मी धरली तर?"

मिस्त्री हसले. मग हसायचे थांबले. "बाईमाणसाचं काम नाही म्हणणार होतो," ते म्हणाले. "पण बोटभर तेलाने शेड उडवणारी बाई मी पहिली बघितली. बस."

दोन महिने त्यांनी मला फक्त तयारी शिकवली. जर्मनवर एक साय असते, डोळ्याला न दिसणारी. हवा लागली की धरते. खरवडून काढली तर परत धरते, दुधावर धरते तशी. आणि खालचा धातू वितळतो त्याच्या तिप्पट आच लागली तरी ती साय वितळत नाही. म्हणजे आत लोणी आणि वर हाडाचं झाकण. ती काढायला आधी सोड्याने तेलकटपणा धुवायचा, मग तारेच्या ब्रशने घासायचं. तो ब्रश लोखंडाला लावायचा नाही, त्याची जागा वेगळी. मग पांढरी पावडर पाण्यात कालवून सांध्याला आणि तारेला लावायची. ती साय खाते. तिचा धूर छातीला वाईट, म्हणून दार उघडं, वारा पाठीवर नाही तर बाजूने घ्यायचा, आणि त्या हाताने भाकरीला शिवायचं नाही. नायलॉनची साडी शेडमध्ये नाही, सुतीच, पदर खोचून. कोणतीही टाकी आली की तिच्यात आधी काय होतं ते विचारायचं. रॉकेलची असेल तर धुऊन, पाण्याने भरून मगच ज्योत. विचारायचं, विचारायचं, विचारायचं. मिस्त्री दिवसातून दहा वेळा म्हणायचे.

मग एक दिवस लग्नाच्या आचाऱ्याचा मोठा टोप आला, बुडाला वीतभर चीर. मिस्त्री म्हणाले, "तुम्ही दोघं."

दत्ताराम उजव्या हातात नळी घेऊन बसला, मी त्याच्या डावीकडे तार घेऊन. दोघांना निळ्या काचेचे चश्मे. त्याने आधी नुसता गॅस पेटवून चिरेवर काजळी धरली. मग ऑक्सिजन दिला, ज्योत निळी झाली, आणि तो सगळा टोप फिरवून फिरवून तापवू लागला. कारण जर्मनमध्ये आच एका जागी राहत नाही, पळते. बराच वेळ काही झालं नाही. मग काजळी आपोआप उडून गेली, कोणी फुंकर मारावी तशी. मुका धातू एवढंच सांगतो, की तयार आहे. आता एक क्षण जास्त झाला तर सबंध बूड खाली गळून पडणार, एक क्षण कमी झाला तर सांधा धरणार नाही.

"बघ," दत्ताराम म्हणाला.

चिरेच्या कडा ओलसर झाल्या. घाम आल्यासारख्या. निळ्या काचेतून मला दिसलं, पावडर पाण्यासारखी पसरली, साय दोन्हीकडे सरकली, आणि मध्ये एक तळं उघडलं. पैशाएवढं. पाऱ्यासारखं, पण जिवंत, श्वास घेत असल्यासारखं हलणारं. मी आमच्या रामेश्वराच्या गाभाऱ्यात कितीदा उभी राहिले आहे, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

"ज्योतीत नको, तळ्यात घाल," मिस्त्री मागून म्हणाले.

मी तार तळ्यात टेकवली. टोक विरघळलं, तळं फुगलं. मी तार उचलली. दत्तारामने ज्योत पुढे नेली, मागचं तळं थिजलं, पुढे नवीन उघडलं. टेकव, उचल. टेकव, उचल. आम्ही बोलत नव्हतो. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं, पण हा माणूस कधी श्वास घेतो आणि कधी धरतो हे मला त्या दिवशी कळलं. वीतभर चीर संपली तेव्हा तिच्या जागी माशाच्या खवल्यांसारखी रेघ होती. मी ती गरम पाण्याने आणि ब्रशने तीनदा धुतली, कारण पावडर राहिली तर पुढे धातूच खाते. मिस्त्रींनी टोपात पाणी भरलं आणि खाली वाकून बघितलं. कोरडं.

"ठीक आहे," ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढंच मिळायचं.

दत्तारामची बोटं दीड वर्षाने तार धरण्याइतकी उघडली. तोवर तार मीच धरली. नंतरही मोठं काम असलं की मला बोलवायचे. आणि दर दसऱ्याला मिस्त्री किल्ली देताना शेडमध्ये थांबू लागले. बाटल्याला कोरडं फूल. बाकी पूजा हवी तशी करा, म्हणायचे.

आता त्या जागी उंच इमारत आहे. खाली गाड्या ठेवायची जागा आहे, तिथे आमची शेड होती असा माझा अंदाज. माझ्या भावाचा नातू कुडाळजवळ कारखान्यात जर्मनच्या होड्या जोडतो. त्याने मला फोनवर दाखवलं. आता पावडर लागत नाही. विजेची ज्योत साय फोडते, आणि आर्गॉन नावाचा गॅस वर पांघरूण धरतो, परत साय धरू देत नाही. काळी काच आणि अंग झाकायला हवं, नाहीतर डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात. तळं मात्र तेच. मी म्हटलं, जरा थांबव ते, बघू दे. त्याने चार वेळा दाखवलं. मग मी विचारलं, दसऱ्याला तुमच्याकडे बाटल्यांची पूजा कोण करतं? म्हणाला, आई येते, सगळ्या बायका येतात. त्याची आई म्हणजे माझ्या भावाची सून. म्हणून मी एवढं लिहिलं. सूनबाई, तुझ्यासाठी. कटिंगला ऑक्सिजनचा बाटला तिथेही असतो. त्याला तेल नाही, तूप नाही, समईचा तेलकट हातही नाही. हात धुऊन, कोरडं फूल.

मंडळाच्या पोरांनी विचारलं होतं, काकी, घर कोणतं, गाव की मुंबई? गावात मला अंधारातही कळायचं, कुठल्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, साप असेल आणि हात घालायचा नाही. मुंबईत ते कळायला वर्ष गेलं आणि एका माणसाचा हात भाजला. जिथे हे न विचारता कळतं ते घर, आणि तोपर्यंत विचारत राहायचं. मला दोन्हीकडचं कळतं. गावातल्या घरात आता राहायला कोणी नाही, आणि मुंबईत मी एकटी आहे, पण तक्रार नाही.

बाटला पेटला तेव्हा शेडमध्ये आम्ही तिघं होतो. लॉरेन्स मिस्त्री त्यानंतर एकवीस वर्षं जगले. दत्ताराम अडतीस वर्षं जगला. मी अजून आहे.